रिव्हॉल्व्हर आलं आणि भांडण गेलं

आमच्या घरी रोज भांडण व्हायचं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. काही घरांत रोज संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लागतो, काही घरांत दुपारी सगळे ताणून देतात, आमच्याकडे भांडण व्हायचं. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आयुष्यभर पत्र्याखालच्या वर्गात शेवटच्या पोरापर्यंत आवाज पोचवलेला. मी पेट्रोल पंपवाली, दिवसभर कापसाच्या ट्रकवाल्यांशी तोंड वाजवणारी. दोघं घरी आलो की दोन्ही आवाज एका स्वयंपाकघरात मावायचे कसे? विषय कोणताही चालायचा. भाजीतलं मीठ, पंख्याचा नंबर, पेपरची घडी, पलंगावरचा ओला टॉवेल. पोरगी पुण्याहून फोन करायची ती सरळ विचारायची, "आज कशावरून?" तासभर जोरात चालायचं, मग गुरुजी उठून चहा टाकायचे आणि माझा कप माझ्यासमोर आपटून ठेवायचे. तो आपटलेला कप म्हणजे भांडण संपल्याची घंटा.

मी नवऱ्याला गुरुजीच म्हणते. सगळं दिग्रस म्हणतं, मी वेगळं काय म्हणणार?

पंप माझ्या वडिलांचा, गावाबाहेर पुसद रोडला. मला भाऊ नाही, म्हणून तो माझ्याकडे आला आणि मी तो चालवला. "बाईमाणूस काय पंप चालवणार" म्हणणारे लोक आता माझ्याचकडे टाकी भरतात आणि हवा फुकट मिळते का विचारतात. गुरुजी निवृत्त झाल्यावर मला कुठे जायचं असलं की ते गल्ल्यावर बसायला लागले. हिशेबाला पक्के, पण गिऱ्हाइकाला पावती देताना अक्षर सुधारण्याचा सल्ला देणारे.

त्या संध्याकाळी मी बाभुळगावला भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. दिवस मावळताना दोघे जण मोटरसायकलवर आले. एक गाडी चालू ठेवून बसला, दुसरा आत आला आणि गल्ल्याच्या पैशांची बॅग मागितली. गुरुजींनी नकार दिला असता तर एक गोष्ट होती. त्यांनी चष्मा सावरला आणि विचारलं, "कोणाचा रे तू?" मास्तरांची सवय. तालुक्यातलं प्रत्येक पोरगं कोणाचं तरी असतं आणि ते आपल्याला माहीत असलंच पाहिजे, अशी त्यांची समजूत. त्या पोराने उत्तर म्हणून त्यांच्या कानाखाली वाजवली. चष्मा फरशीवर फुटला, बॅग गेली, पोलीस आले, पंचनामा झाला.

बॅगेचं दुःख मी आठवडाभर केलं आणि मग सोडून दिलं. त्या चपराकीबद्दल गुरुजी एक शब्द बोलले नाहीत. नवा चष्मा आला, तोही त्यांनी गप घातला. मला मात्र तो गाल दिसला की आतून जाळ यायचा. माझ्या नवऱ्यावर ओरडायचा हक्क फक्त माझा होता, आणि मारायचा तर कोणाचाच नव्हता.

"मी लायसन्स काढते," मी एके दिवशी जाहीर केलं.

"कायचं?"

"रिव्हॉल्व्हरचं."

गुरुजींनी पेपर खाली ठेवला. "तुले कायले पायजे रिव्हॉल्व्हर? तुयं तोंडच पुरे आहे."

"त्या दिवशी मायं तोंड बाभुळगावले होतं," मी म्हटलं. "आता पंपावर काई तरी पायजे."

त्या दिवशी जे भांडण झालं ते आमच्या चांगल्या भांडणांपैकी एक. शेजारणीने कुकर बंद करून ऐकलं.

सिनेमात माणूस कमरेला हात घालतो आणि बंदूक निघते. यवतमाळ जिल्ह्यात तसं होत नाही, आणि होत नाही हे फार बरं आहे. आधी अर्ज, मग अर्जाला जोडायचे कागद, मग कलेक्टर कचेरीतला जिना, मग पोलिसांची चौकशी. तुम्हाला हत्यार का पाहिजे, कुठे ठेवणार, घरात कोण कोण, कुठे गुन्हा वगैरे दाखल आहे का. चौकशीला आलेला हवालदार शेजाऱ्यांकडेही गेला. शेजारी म्हणाले, "बाई चांगली आहे, फक्त आवाज मोठा आहे." हवालदार म्हणाला, "आवाजाले लायसन्स नाई लागत." हे वाक्य दुसऱ्या दिवशी गावभर झालं.

डॉक्टरांचा दाखलाही लागतो, शरीराचा आणि डोक्याचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "राग येतो का?"

"येतो."

"कितीदा?"

"रोज."

त्यांनी पेन थांबवलं. "कोणावर?"

"नवऱ्यावर."

"मारावंसं वाटतं का?"

"छे हो! मारलं तर भांडायचं कोणाशी?"

त्या हसल्या, पण नंतर बराच वेळ आणखी प्रश्न विचारत बसल्या. झोप कशी लागते, औषधं कोणती चालू आहेत, घरात कोणी उदास असतं का, दारू कोण घेतं. मला त्यांचा राग आला नाही. उलट वाटलं, लग्न जमवताना मुलाकडच्यांनाही असेच प्रश्न विचारायला पाहिजेत.

मग प्रशिक्षण. शिकवणारे गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले, मिशीला तेल लावणारे. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला गोळी दाखवलीच नाही. हत्यार नेहमी भरलेलंच आहे असं समजा. नळी माणसाकडे करायची नाही, रिकामं असलं तरी नाही, गमतीत तर नाहीच. बोट घोड्याच्या बाहेर. गोळ्या वेगळ्या, हत्यार वेगळं, दोन्ही कुलपात, किल्ली दुसऱ्या कोणाकडे नाही. हे त्यांनी इतकं घोटून घेतलं की मी घरी लाटणंसुद्धा जमिनीकडे तोंड करून धरायला लागले. शेवटी ते एक वाक्य बोलले, ते मी घरी येऊन गुरुजींना ऐकवलं. "ज्या घरात हत्यार आलं, त्या घरातल्या लोकांनी राग कमी केला पाहिजे."

"मग तुयं कसं होईन व?" गुरुजी म्हणाले. तेव्हा आम्ही दोघंही खूप हसलो.

माझ्या नेमबाजीबद्दल फार न बोललेलं बरं. पहिल्या बाराने निशाण सोडून मागचा मातीचा ढीग उडाला. हात खांद्यापासून झिणझिणला. पुढे हळूहळू कागदाला भोकं पडायला लागली. दाखला मिळाला, त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी लायसन्सही मिळालं.

खरेदीला आम्ही दोघं नागपूरला गेलो. माझी कल्पना होती की दुकान अंधारं असेल, आत दाढीवाले लोक असतील. निघालं चक्क हार्डवेअरच्या दुकानासारखं. काचेचं काउंटर, भिंतीवर देवाची तसबीर, उदबत्ती. दुकानदाराने आधी लायसन्स उलटंपालटं करून वाचलं, कुठेतरी फोन करून खात्री केली आणि मग मऊ कापड पसरून एकेक वस्तू काढली. साड्या दाखवतात तसंच. "ताई, हे हातात घेऊन बघा. हे थोडं हलकं आहे." मी प्रत्येक वेळी आधी रिकामं आहे ना ते उघडून पाहत होते, त्यावर त्याने मान डोलवली. गुरुजी शेजारी उभे राहून विचारत होते, "गॅरंटी किती वर्षं?" आणि "यापेक्षा लहान नाही का?" बत्तीस बोअरचं, सरकारी कारखान्यातलं, काळं रिव्हॉल्व्हर मी घेतलं. लायसन्सवर त्याचा नंबर चढला. गोळ्या मोजून मिळाल्या.

परतीचा प्रवास मी विसरणार नाही. पेटी कुलूप लावून गाडीत, गोळ्या वेगळ्या डब्यात. गाडी सोडून कुठे जायचं नाही असं मी ठरवलेलं. कळंबजवळच्या ढाब्यावर गुरुजींना भूक लागली तेव्हा आम्ही आळीपाळीने जेवलो. ते आत, मी गाडीत. मग मी आत, ते गाडीत. वेटरला वाटलं आमचं भांडण झालंय. खरं तर आम्ही इतकं शहाण्यासारखं लग्नानंतर कधीच वागलो नव्हतो.

पोलीस ठाण्यात दाखवून, नोंद करून वस्तू घरी आली. आणि घरी नणंदबाई ताट घेऊन तयार होत्या.

नणंदबाई म्हणजे गुरुजींची मोठी बहीण, मागच्या गल्लीत राहते. नवी वस्तू घरात आली आणि तिची पूजा झाली नाही, असं तिच्या आयुष्यात घडलेलं नाही. फ्रीजची झाली, मोटारपंपाची झाली, पोरीच्या लॅपटॉपवर तर तिने स्वस्तिक काढलं होतं. मी म्हटलं, "आत्या, ही वस्तू वेगळी आहे." पोरगी आत्या म्हणते म्हणून मीही म्हणते.

"वेगळी काहून? दसऱ्याले हत्याराचीच तं पूजा करतेत."

मी रिव्हॉल्व्हर दोनदा उघडून रिकामं आहे हे पाहिलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत बंद ठेवल्या, आणि वस्तू स्वतःच्या हातात धरून, तोंड भिंतीकडे करून उभी राहिले. हात कोणी लावायचा नाही, लांबून काय ते करा, अशी अट. आत्यांनी अट पाळली. लांबूनच हळद वाहिली, कुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं. मग गोळ्या भरायचं चक्र उघडं दिसलं तेव्हा म्हणाल्या, "अवं, सहा घरं आहेत की याले!" आणि मी काही म्हणायच्या आत सहाही घरांत अक्षता टाकल्या. वरून एक चमचा गोडं तेल. नारळ फुटला, पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी चक्र फिरेना. हळद, कुंकू, तेल आणि तांदूळ यांचं आत पंचामृत झालं होतं. पुन्हा नागपूर, पुन्हा आळीपाळीने जेवण. दुकानदाराने कापडावर रिव्हॉल्व्हर ठोकलं तेव्हा तांदळाचे दाणे टपटप पडले. तो म्हणाला, "दसऱ्यानंतर माझ्याकडे अशीच गर्दी असते, ताई. परवा एकातून झेंडूची पाकळी निघाली."

या तांदळावरून गुरुजींशी माझं कडाक्याचं भांडण झालं. बहीण तुमची, पेट्रोल माझं, वगैरे. त्यानंतर बरेच दिवस आमचं भांडण होणार नाही असं तेव्हा वाटलं नव्हतं.

कपाटात भिंतीला बोल्ट मारून चार आकड्यांच्या कुलपाची लोखंडी पेटी बसवली होती, फक्त मलाच उघडता येईल अशी. पंपाची रोकड बँकेत न्यायच्या दिवशी तेवढं रिव्हॉल्व्हर सोबत घ्यायचं, एरवी ते आत. सगळं नियमाप्रमाणे. गाव मात्र आपल्या नियमाने चाललं होतं. शिंप्याकडे जा, दळणाला जा, सगळीकडे एकच विनोद. "गुरुजी, आता जपून बरं का!" "गुरुजी, भाजीले नाव ठेवू नका हो आता!" गुरुजीही हसून म्हणायचे, "हाव बापा, आता काई बोलायची सोय नाई राह्यली."

आणि मग थोड्याच दिवसांत ते खरोखर बोलेनासे झाले.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. वाटलं, बरं झालं, घर शांत आहे. मग एक दिवस अंबाडीच्या भाजीत मीठ टाकायचं राहिलं. माझ्याच तोंडात घास फिरेना. गुरुजी पूर्ण भाजी खाऊन म्हणाले, "छान." लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने माझ्या भाजीला कधी छान म्हटलेलं नव्हतं. चांगली झाली तर गप खायचे, बिघडली तर आकाशपाताळ एक करायचे.

मी प्रयोग सुरू केले. पंखा पाचवर ठेवला. ते उठून शाल घेऊन आले. पेपर आधी मी वाचला आणि मुद्दाम चुरगळून ठेवला. त्यांनी तो मांडीवर सरळ केला. ओला टॉवेल त्यांच्या उशीवर टाकला. त्यांनी उचलून दोरीवर घातला. शेवटी मी वरणात साखर घातली, चांगली मूठभर. खाल्लं. वर "छान."

पंपावर माझ्याकडे एक जुना माणूस आहे, जवळच्या तांड्यावरचा, वडिलांच्या काळापासूनचा. तो मला याडी म्हणतो, म्हणजे बंजारा बोलीत आई, वयाने माझ्यापेक्षा मोठा असूनही. तोसुद्धा म्हणाला, "याडी, गुरुजी पावतीवरून कोणाले बोलत नाही आता. बरं नाही का त्याहिले?"

पोरगी फोनवर म्हणाली, "आई, बाबा ठीक आहेत ना? आज कशावरून विचारलं तर म्हणाले, कशावरूनच नाही."

मी काय ते समजले होते, किंवा मला तसं वाटलं होतं. ते शिकवणाऱ्या मिशीवाल्यांचं वाक्य मीच घरी आणलं होतं, राग कमी करा म्हणून. आणि गावाचा विनोद. या माणसाच्या मनात माझी भीती बसली होती. बायको रागीट, कपाटात रिव्हॉल्व्हर, मग कोण बोलणार? हा विचार आला आणि मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी एका ट्रकवाल्याला सुट्टे नसताना जाऊ दिलं. चोराची भीती घालवायला मी वस्तू आणली आणि घरातल्या माणसाला घाबरवून ठेवलं. मला माझा भांडणारा नवरा परत पाहिजे होता. एकदा सरळ विचारलं, "तुमाले मायं भेव वाटते का?" ते म्हणाले, "नाई व," आणि पुन्हा पेपरात गेले. यात त्यांनी आवाज चढवला असता तर मी विश्वास ठेवला असता.

मग निवडणूक लागली. आचारसंहिता लागली की लायसन्सवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. फोन आला, मी रिव्हॉल्व्हर घेऊन गेले. ठाण्यात मोठ्या मोठ्या घरांतली माणसं आपापल्या बंदुका घेऊन रांगेत उभी होती, दळणाच्या रांगेसारखी. माझा नंबर आला, वस्तू तपासली, चिठ्ठी बांधली, पावती मिळाली. मी मोकळ्या हाताने घरी आले आणि स्वयंपाकाला लागले. त्या दिवशी मी कोणताही प्रयोग केलेला नव्हता. खरंच सांगते, मीठ खरोखर विसरलं होतं.

गुरुजींनी एक घास घेतला. ताट पुढे सरकवलं.

"मीठ नाई भाजीत."

"काय म्हटलं?"

"मीठ नाई म्हणतो! कानात कापूस घातला का? किती दिवस झाले, या घरात मिठाचा दुष्काळ पडला का? आन् थ्या दिवशी वरणात साखर कोणं टाकली होती? मले काय समजलं नाई का? टॉवेल उशीवर कायले टाकत होती? पेपरचा बोळा कोणं केला होता? तुले वाटते मी मुका झालो?"

त्यांना सगळं आठवत होतं. एकेक गोष्ट साठवलेली, आणि वर्गातल्या आवाजात सगळी बाहेर येत होती. शेजारणीचा कुकर बंद झाला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला रडूच यायला लागलं, आनंदाने. रडता रडता मीही सुरू केलं. आम्ही अगदी मन भरेपर्यंत भांडलो.

शेवटी मी म्हटलं, "मंग इतके दिवस काहून गप होते? रिव्हॉल्व्हर गेलं तवा तोंड उघडलं. म्हंजे मलेच भेत होते ना?"

"तुले?" गुरुजी हसले. "तुले भेलो असतो तं लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच पळालो असतो." मग त्यांचं हसू गेलं. "मले मायंच भेव वाटून राह्यलं होतं."

मला कळलं नाही. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"थो पोट्टा दिसला मले. ज्यानं मारलं होतं थो. आठवडी बाजारात, पानठेल्यावर उभा होता. कोणाशी तरी हसून राह्यला होता."

"मंग मले काहून नाई सांगतलं? पोलिसाईले काहून नाई सांगतलं?"

"पोलीस मनातच नाई आले. पह्यलं काय मनात आलं सांगू? तुयं कपाट. घरी आलो. तू पंपावर होती. पेटीसमोर उभा राह्यलो."

"पण नंबर तुमाले..."

"पोरीची जन्मतारीख आहे. थे तं मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं. तुले दुसरा नंबर सुचनारच नाई."

मी विचारलं, "उघडली?"

"तीन आकडे फिरवले. चौथा नाई फिरवला. वरती गच्चीवर जाऊन बसलो, तू येईपर्यंत." ते चष्म्याच्या काचा पुसत होते, त्या स्वच्छच होत्या. "तवापासून राग आला की गिळून टाकतो. मिठाचा असो की कायचाई. एकाले बाहेर सोडलं तं दुसरा त्याच्या मांगून येईन, असं वाटते. आज थे घरात नाई, म्हणून बोललो."

दाखले आणले, प्रशिक्षण घेतलं, ढाब्यावर आळीपाळीने जेवले, पेटीला बोल्ट मारले, आणि नंबर मात्र पोरीच्या जन्मतारखेचा ठेवला. आमच्याकडे सगळे तेच करतात. मोबाईलला तोच, बँकेला तोच, प्रवासाच्या बॅगेला तोच. डॉक्टरीणबाईंच्या सगळ्या प्रश्नांना मी खरी उत्तरं दिली होती, पण घरात कोणाला काही सलतंय का, याचं उत्तर मी माझ्यापुरतं दिलं होतं. आयुष्यात कोणावर छडीसुद्धा न उगारलेला हा माणूस एका दुपारी त्या पेटीपुढे एकटा उभा होता, आणि एकटाच मागे फिरला होता. मला त्याची फार माया आली. त्या दिवशी चहा मी टाकला, आणि कप आपटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ठाण्यात गेलो. गुरुजींनी तो पोरगा कुठे दिसला, कसा दिसतो, सोबत कोण होतं, सगळं नीट सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं. पुढे दोघंही सापडले, आता जे काय ते कोर्ट पाहील. ठाण्यातून बाहेर पडल्यावर गुरुजी म्हणाले, "साहेबाच्या खालच्या माणसाचं अक्षर लय खराब आहे," आणि मला वाटलं, आला माझा नवरा.

निवडणूक झाली, निकाल लागले, गुलाल उधळून झाला. ठाण्यातून फोन आला, हत्यार घेऊन जा. फोन गुरुजींनीच घेतला होता. ते म्हणाले, "जा, घेऊन ये. एवढे खेटे घातले त्यासाठी. पंपावर तू एकटी असते, मले काळजी वाटते. फक्त नंबर बदल. मले समजनार नाई असा ठेव."

मी जेवणाच्या टेबलावर कागद-पेन घेऊन बसले. माझी जन्मतारीख, तर त्या दिवशी ते दरवर्षी शिरा करतात. वडील गेले तो दिवस, तर खांदा देणाऱ्यांत तेच होते. पंप माझ्या नावावर झाला तो दिवस, तर कचेरीत माझ्या शेजारी तेच उभे होते. पहिल्या स्कूटरचा नंबर, ती मला त्यांनीच शिकवली. दहावीचे मार्क, ते तर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

मग कोणताही बिनअर्थाचा आकडा ठेवावा म्हटलं, तर तो मी विसरणार, म्हणून कुठेतरी लिहून ठेवणार, आणि मी काय कुठे लपवते हेही त्यांना माहीत. आतून गुरुजींचा आवाज आला, "तुया बाबाच्या जुन्या गाडीचा नंबर नको ठेवू बरं, थो मले पाठ आहे!" मी नुकताच तोच कागदावर लिहिलेला होता.

बराच वेळ बसले. या माणसाला माहीत नाही असा चार आकड्यांचा एकही नंबर माझ्या आयुष्यात मला सापडला नाही. दुसऱ्या दिवशी मी ठाण्यातून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि घरी न आणता, गुरुजींना सोबत घेऊन, तसंच नागपूरला नेऊन, जिथून घेतलं त्याच दुकानदाराच्या तिजोरीत पावती घेऊन सांभाळायला जमा केलं.